बोट शोची जागा अधांतरी असेल तेव्हा

रात्री नऊच्या सुमारास फोन आला. पलीकडे बोटबांधणीचा छोटा कारखाना चालवणारे एक गृहस्थ होते. ते दरवर्षी आमच्या बोट शोला, म्हणजे बोटींच्या प्रदर्शनाला, दोन बोटी आणतात, दोन्ही स्वतः बांधलेल्या. आमच्या जागेचा करार पुढे वाढणार की नाही, याची कुजबुज त्यांच्या कानावर गेली होती. मी त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली : मालक काय म्हणतायत, बंदराचं कार्यालय काय म्हणतंय, बैठक कशी पुढे गेली. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"ताई, जागा कुठली ते राहू द्या. ट्रेलर कधी सांगून ठेवायचा, तेवढं सांगा."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जागा ठरवणं आमच्या हातात नव्हतं, हे खरं. पण कुठल्या तारखेपर्यंत वाट बघायची आणि त्यानंतर काय करायचं, हे तर आमच्याच हातात होतं. तेही आम्ही ठरवलेलं नव्हतं.

मी बोट शोच्या मांडणीचं काम करते. कोणती बोट कुठे लागेल, कोणती आधी आत जाईल, शो संपल्यावर कोणती आधी निघेल, हे माझ्याकडे असतं. या कामात दोनदा पायाखालची जागा गेली. एकदा सावरायला वेळ मिळाला, एकदा मिळाला नाही. आयोजन समितीत असाल, स्वयंसेवक असाल किंवा दरवर्षी स्टॉल घेणारे असाल, तर त्या दोन वर्षांत शिकलेलं हे तुमच्या उपयोगी पडेल.

आधी दुखणं ओळखा

"जागेचं काही खरं नाही" या एका वाक्यात चार वेगवेगळी दुखणी असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं असतं.

पहिलं, जागा कायमची जाते. सिअ‍ॅटलचा बोट शो किंगडोममध्ये भरायचा. ते स्टेडियम २६ मार्च २००० रोजी स्फोटकं लावून जमीनदोस्त केलं. अशा वेळी परतीचा विचार मनातून काढून टाकायचा आणि नवीन घर शोधायला लागायचं.

दुसरं, दुरुस्तीसाठी जागा काही वर्षं बंद होते. मायामीच्या आंतरराष्ट्रीय बोट शोचं तसं झालं. मायामी बीचच्या कन्व्हेन्शन सेंटरचं नूतनीकरण निघालं, तेव्हा २०१६मध्ये शो 'व्हर्जिनिया की' या बेटावर गेला, बंद पडलेल्या मरीन स्टेडियमच्या आवारात. २०२२मध्ये तो कन्व्हेन्शन सेंटरला परत आला. इथे मधल्या वर्षांपुरतं बिऱ्हाड करायचं असतं. तात्पुरत्या जागेत कायमचा खर्च घालायचा नाही, आणि परतीचा शब्द मात्र लेखी घ्यायचा.

तिसरं, जागा आहे तिथेच आहे, पण परवानगी अडते. शेजारी विरोध करतात, पर्यावरणाचा प्रश्न येतो, नाहीतर त्याच आठवड्यात दुसरा मोठा कार्यक्रम लागलेला असतो.

चौथं दुखणं बोलायला सगळ्यात अवघड. जागा ठीक असते, पण शोलाच ती परवडत नाही. भाडं वाढलेलं असतं, बोटी कमी झालेल्या असतात, आणि समिती "जागेचा प्रश्न" म्हणते तो खरा हिशेबाचा प्रश्न असतो. लंडन बोट शो वर्षानुवर्षं अर्ल्स कोर्टात भरला. त्या हॉलच्या मधोमध जमिनीखाली तलाव होता. तो भरला की छताखालीच बोटी तरंगायच्या. २००४मध्ये शो लंडनमधल्याच एक्सेल या प्रदर्शन केंद्रात गेला. तिथे हॉल मोठे, आणि बाहेर रॉयल व्हिक्टोरिया डॉकचं खरं पाणी. जानेवारी २०१८ला तिथला शेवटचा शो झाला आणि २०१९चा रद्द झाला. जागा बदलल्यामुळे तो बंद पडला, असं मी म्हणत नाही. चौदा-पंधरा वर्षं तो नव्या जागेत चालला. मला एवढंच सांगायचंय की चांगली जागा मिळाली म्हणजे शो वाचला, असं धरून चालू नका. नव्या जागेच्या शोधात निघण्याआधी गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च समोर ठेवा आणि स्वतःला खरं काय ते विचारा.

कागद उघडा

समितीतल्या बहुतेकांनी करार एकदाच वाचलेला असतो, सही करताना. तो परत वाचा, दोघांनी मिळून वाचा, पेन्सिल घेऊन वाचा.

बघायचं ते असं. करार कोणाशी आहे : जमिनीच्या मालकाशी, की मालकाकडून भाड्यानं घेतलेल्याशी? मधल्या भाडेकरूचाच करार संपत असेल, तर त्याच्या गोड बोलण्याला काही अर्थ नाही. पाण्याचा भाग कोणाच्या ताब्यात आहे? जमीन एकाची आणि तिच्यापुढचं पाणी बंदर खात्याचं, हे सर्रास असतं, म्हणजे होकार दोन हवेत. नूतनीकरणाचं कलम आपोआपचं आहे की दरवर्षी मागावं लागतं? नोटीस किती महिन्यांची? आणि पुढच्या वर्षीची तारीख दुसऱ्या कुणाला देण्याआधी आपल्याला विचारण्याचं बंधन त्यांच्यावर आहे का? हे शेवटचं कलम नसेल तर पुढच्या करारात ते मागून घ्या. भाड्यात थोडी सूट मिळण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

मग मालकाला पत्र लिहा. त्यात तीनच प्रश्न विचारा : निर्णय कोण घेणार, कोणत्या बैठकीत घेणार, आणि ती बैठक केव्हा आहे? "काय होईल असं वाटतं?" हे विचारू नका. त्याला लोक बरं वाटेल असं उत्तर देतात, आणि त्या उत्तरावर आपण चार महिने काढतो. मी एकदा काढले. समोरचा माणूस खोटं बोलत नव्हता, त्यालाही तशीच आशा होती. पण सही त्याची नव्हती, हे मी विचारलंच नव्हतं.

विमाही याच टप्प्यावर बघा. कार्यक्रम रद्द होण्याचा विमा घेताना माहीत असलेली अडचण सांगावीच लागते. जागेचा वाद आधीपासून चालू होता आणि तुम्ही तो लपवला, असं निघालं, तर दावा उभा राहणार नाही.

निर्णयाची तारीख तुम्ही ठरवा

माझ्या मते हा या सगळ्याचा कणा आहे.

शोच्या पहिल्या दिवसापासून मागे मोजत या. परदेशातून जहाजानं येणाऱ्या बोटीचा प्रवासच कित्येक आठवड्यांचा, त्याआधी जहाजावर जागा धरायची, त्याआधी कागदपत्रं. रस्त्यानं येणाऱ्या रुंद बोटींना परवाने लागतात. रस्त्यावरून खास परवान्याशिवाय नेता येणारी रुंदी बहुतेक ठिकाणी अडीच मीटरच्या आसपास असते, युरोपात २.५५ मीटर आणि अमेरिकेत सुमारे २.६ मीटर. त्याहून रुंद बोट असली की मार्ग, वेळ, पुढे-मागे चालणारी गाडी, हे सगळं आधी मंजूर करून घ्यावं लागतं, आणि ते मार्गागणिक बदलतं. म्हणजे जागा बदलली की परवाना नव्यानं. तरंगते धक्के भाड्यानं आणायचे तर तेही हंगामात आधीच ठरलेले असतात.

हे सगळं मांडलं की एक दिवस असा सापडतो, ज्याच्या पुढे गेलं की बोटी येऊ शकत नाहीत, मग जागा मिळो न मिळो. त्या दिवसाच्या तीन आठवडे आधीची तारीख घ्या. ती तुमच्या निर्णयाची तारीख. आमच्याकडे ती शोच्या साधारण सहा महिने आधी येते. लहान, ट्रेलरवरच्याच बोटींचा शो असेल तर तीन-चार महिनेही चालतील.

समितीत ठराव करा : या तारखेला संध्याकाळपर्यंत जुन्या जागेचा लेखी होकार हातात नसेल, तर शो दुसऱ्या जागी होईल. ठरावात "परिस्थिती पाहून" हे शब्द येऊ देऊ नका. ते शब्द आले की तारीख गेलीच म्हणून समजा. त्या दिवशी कुणीतरी हमखास म्हणेल, "अजून आठ दिवस थांबू, होतंय." मन मोडवत नाही हे मला कळतं. जुन्या जागेत आपण वर्षं घालवलेली असतात. पण त्या आठ दिवसांची किंमत आपण मोजत नाही, ती बोट घेऊन येणारा मोजतो.

बोटी मोजा, मगच जागा बघा

दुसरी जागा बघायला निघताना लोक एकरांत आणि चौरस मीटरांत बोलतात. बोट शोला एवढं पुरत नाही. मी निघण्याआधी एक तक्ता करते, गेल्या वर्षी आलेल्या प्रत्येक बोटीचा. लांबी, रुंदी, कणा (बोटीच्या तळाखाली उतरणारा भाग, कील) किंवा पंखा धरून पाण्याखाली किती, ट्रेलरवर चढवल्यावर जमिनीपासून सगळ्यात उंच टोकापर्यंत किती, आणि पाळण्यासकट (जमिनीवर बोट ज्या चौकटीत ठेवतात तिच्यासकट) वजन.

माहितीपत्रकातल्या लांबीवर विसंबू नका. पुष्कळदा त्यात नाळेवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, नांगराचा रूळ, मागची पोहण्याची फळी आणि बाहेर लावलेलं इंजिन धरलेलं नसतं. नऊ मीटरची म्हणून आलेली बोट दहा मीटर भरते आणि शेजारच्याच्या जागेत शिरते. मालकाला फोन करा आणि सांगा, "टोकापासून टोकापर्यंत टेप लावा आणि आकडा सांगा." माणूस टेप शोधायला गेला की समजायचं, आकडा खरा येणार.

उंचीचं तर मला चांगलंच लक्षात राहिलंय. एका तात्पुरत्या हॉलच्या नकाशावर दाराची उंची होती साडेचार मीटर. आमची सगळ्यात उंच बोट ट्रेलरवर चार मीटर पस्तीस. पंधरा सेंटिमीटरची सवड, म्हणून मी निर्धास्त. पहाटे बोट दाराशी आली तेव्हा दिसलं की वर गुंडाळलं जाणारं शटर पूर्ण आत जातच नाही, त्याची कड हातभर खाली लोंबते. नकाशातली साडेचार मीटर ही भिंतीतल्या भोकाची उंची होती. दारातून जायला प्रत्यक्षात जागा कमी होती. रडारची कमान काढावी लागली, वायरी सोडवाव्या लागल्या, तीन तास गेले, आणि मागे अकरा ट्रेलर रस्त्यावर ताटकळत उभे. बोटीचा मालक एक शब्द बोलला नाही, तो स्वतः वर चढून स्क्रू काढत होता. तेव्हापासून मी दोन बांबू जोडून त्यांवर खुणा केलेली काठी बरोबर नेते आणि प्रत्येक दारातून, प्रत्येक पाइपाखालून, प्रत्येक झाडाच्या फांदीखालून ती उभी धरून चालत जाते. रस्त्यापासून बोटीच्या जागेपर्यंत, पूर्ण वाट.

हॉल असेल तर जमिनीला किती भार पेलतो, तेही विचारा, आणि नुसता चौरस मीटरमागचा आकडा घेऊन थांबू नका. कण्याच्या बोटीचं सगळं वजन पाळण्याच्या चार-सहा पायांवर येतं. खाली तळघर असेल किंवा केबलच्या चरांवर झाकणं असतील, तर ते पाय नेमके कुठे टेकणार, हे आखून द्यावं लागतं. अग्निशमनवाल्यांना त्याच भेटीत भेटा : इंधनाची टाकी किती भरलेली चालेल, बॅटरीची जोडणी काढायची की ठेवायची, दोन बोटींमध्ये किती वाट सोडायची. प्रत्येक जागेचे नियम वेगळे असतात. मांडणी पूर्ण झाल्यावर ते कळले तर मांडणी पुन्हा करावी लागते.

क्रेनची जागा वेगळी धरा. ती उभी कुठे राहणार, तिचे पाय पसरायला जागा आहे का, वर तारा आहेत का. ड्युसेलडॉर्फचा शो जानेवारीत हॉलमध्ये भरतो, पण तिथे मोठ्या बोटी ऱ्हाईन नदीतून प्रदर्शनाच्या आवाराशी येतात आणि तिथून क्रेननं बाहेर काढल्या जातात. म्हणजे हॉलमधल्या शोलाही पाण्याची वाट उपयोगी पडते. नवी जागा नदी किंवा बंदराजवळ असेल, तर हे नक्की तपासा.

पाणी स्वतः मोजा

तरंगता भाग असेल तर हे काम दुसऱ्यावर सोपवू नका. नकाशावरची खोली मोजणी झाली त्या दिवसाची असते. त्यानंतर किती गाळ बसला, ते नकाशाला ठाऊक नसतं.

आमच्या दुसऱ्या वेळी एक जुना व्यापारी धक्का मिळण्याची शक्यता होती. कागदावर पाणी भरपूर. मी उधाणाच्या दिवसांतली मोठी ओहोटी बघून गेले, पहाटे पावणेसहाला. बरोबर एक म्हातारे नावाडी होते, सगळे त्यांना काका म्हणतात. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा, दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ, आणि दर मीटरला लाल चिंधी. गोळ्याच्या बुडाला खळगा होता, त्यात काकांनी ग्रीस भरलं. धक्क्याच्या कडेनं दर पाच पावलांवर दोरी सोडायची, गोळा टेकला की ओढ सैल पडते, गाठी मोजायच्या, मी वहीत लिहायचं. पहिल्या चाळीस मीटरांत तीन मीटरच्या खाली कुठे आलं नाही. मग एका जागी गोळा टेकला, पण दोरी सैल पडेना, हळूहळू आतच जात राहिली. काकांनी ती वर ओढली आणि ग्रीसवर बोट फिरवून मला दाखवलं. काळा, लोण्यासारखा गाळ. "हे पाणी नाही, ताई," ते म्हणाले, "इथे कणा रुतेल." तिथे खरं पाणी दीड मीटर होतं. नकाशा साडेतीन सांगत होता.

शिडाच्या बोटी त्या टोकाला लावायच्या, असं आमच्या आराखड्यात होतं. ते आम्ही त्याच दिवशी पुसलं.

सगळ्यात खोल बुडणारी बोट घ्या, तिच्या कण्याखाली मोठ्या ओहोटीलाही निदान अर्धा मीटर पाणी उरलं पाहिजे. शोच्या तारखा उधाणाच्या आहेत (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक मोठा) की भांगाच्या (अष्टमीच्या आसपास, फरक कमी), हे भरतीच्या कोष्टकात आधी बघा. विषुवदिनांच्या आसपास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरात, उधाण जास्त मोठं असतं, आणि शरद ऋतूतले कितीतरी शो नेमके त्याच काळात येतात. ओहोटीला धक्क्यावरून तरंगत्या तराफ्यावर उतरणारा पूल किती उभा होतो, तेही तेव्हाच बघा. चाकाच्या खुर्चीला बारास एक हा उतार धरतात, म्हणजे एक मीटर खाली जायला बारा मीटर लांबी. भरती-ओहोटीत तीन मीटरचा फरक असेल तर काय करायचं, हे आराखड्याच्या पहिल्या दिवशी ठरवावं लागतं.

वारा कुठून येतो, समोर उघडं पाणी किती, जवळून फेरीबोटी जातात का, हे तिथे तासभर नुसतं उभं राहून कळतं. फेरीची लाट तराफ्यावर आली की लहान मूल घेऊन चालणारी आई घट्ट उभी राहते आणि मग परत फिरते. तराफे खांबांना बांधायचे की साखळीनं तळाला नांगरायचे, हे तळावर अवलंबून असतं : गाळात एक नांगर धरतो, खडकावर दुसरा, आणि समुद्री गवत असेल तर तिथे नांगर टाकायला बंदी असू शकते.

साउथहॅम्प्टनचा शो १९६९पासून मेफ्लावर पार्कात भरतो. पार्कापुढच्या पाण्यात दरवर्षी तात्पुरती मरीना, म्हणजे बोटी बांधून ठेवायची जागा, उभारतात आणि शो झाला की काढतात. अ‍ॅनापोलिसला सिटी डॉकवर १९७०पासून असंच चालतं. म्हणजे रिकाम्या किनाऱ्यावर पाण्यातला शो उभा राहू शकतो. जिथे आज मरीना नाही, ती जागा म्हणून यादीतून काढून टाकू नका. मात्र अ‍ॅनापोलिसची गोदी मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते. पूर येणारा किनारा घेत असाल तर विजेच्या पेट्या किती उंचीवर बसवायच्या, हे तिथल्या जुन्या लोकांना विचारून ठरवा. भिंतीवरची पाण्याची रेष ते बोटानं दाखवतात.

दोन ठिकाणी विभागायचं का?

डार्लिंग हार्बरचं जुनं प्रदर्शन केंद्र पाडून नवं बांधायला घेतलं, तेव्हा सिडनीच्या शोसमोर हाच प्रश्न होता. मधल्या वर्षांत हॉलमधला भाग ग्लीब आयलंडवरच्या तात्पुरत्या मांडवांत गेला, तरंगता भाग कॉकल बेतच राहिला, आणि दोन्हींच्या मध्ये फेरीबोटी. डिसेंबर २०१६मध्ये नवं केंद्र उघडलं आणि पुढच्या वर्षी शो तिथे परतला.

करता येतं, पण मी नाइलाज असेल तरच करते. माणसं मोठ्या बोटीकडे आधी जातात, मग त्यांचे पाय दुखतात, आणि दुसऱ्या ठिकाणी दोर, कप्प्या, लाइफ जॅकेटं विकणारे लहान दुकानदार रिकाम्या वाटेकडे बघत बसतात. विभागायचंच असेल तर ने-आण फुकट ठेवा, दहा-बारा मिनिटांहून जास्त थांबायला लावू नका, आणि दोन्हीकडे काहीतरी असं ठेवा ज्यासाठी माणूस मुद्दाम जाईल.

शेजाऱ्यांकडे आपण आधी जायचं

मायामीच्या 'व्हर्जिनिया की' बेटावर जायला एकच रस्ता आहे, पाण्यावरून जाणारा रिकनबॅकर कॉजवे. त्याच रस्त्यानं पुढच्या 'की बिस्केन' गावचे लोक रोज ये-जा करतात. मायामीचा शो तिथे जाणार म्हटल्यावर त्या गावानं विरोध केला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. शोनं पाण्यातून माणसं आणायची सोय केली, आणि शो झालाही. पण एकच रस्ता असलेली जागा दिसली की मला आधी त्या रस्त्याच्या टोकाला राहणारी माणसं आठवतात.

त्यांच्याकडे परवानगीचा अर्ज करण्याआधी जा, जाहीर सूचना निघण्याआधी जा. नकाशा घेऊन जा. कोणत्या दिवशी किती ट्रेलर, कोणत्या वेळेत, रात्री दिवे कधी बंद, हे सांगा. ते जे मागतील त्यातलं निम्मं तुम्हाला सहज देता येण्यासारखं असतं. आमच्याकडे एका वस्तीनं मागितलं होतं ते फक्त हे की शाळा सुटायच्या वेळी ट्रेलर आणू नका. किती साधी गोष्ट. नकाशावर शाळा होती, वेळ नव्हती.

लोकांना काय लिहायचं

"लवकरच कळवू" हे लिहू नका. त्या फोननंतर मी जे पत्र लिहिलं, ते साधारण असं होतं, आणि अजूनही तेच वापरते :

"पुढच्या वर्षीच्या शोची जागा आज पक्की नाही. जुन्या जागेचा निर्णय अमुक तारखेच्या बैठकीत होणार आहे. अमुक तारखेपर्यंत लेखी होकार आला नाही, तर शो दुसऱ्या जागी, त्याच तारखांना होईल. ती जागा आम्ही पाहिली आहे. तिथली दाराची उंची, पाण्याची खोली आणि बोटीच्या कमाल वजनाची मर्यादा सोबत दिली आहे. तोपर्यंत ट्रेलर, क्रेन किंवा राहण्याच्या जागेसाठी परत न मिळणारे पैसे भरू नका. तुमची अनामत वेगळ्या खात्यात आहे. जागा बदलल्यामुळे तुम्हाला येता येत नसेल, तर ती पूर्ण परत मिळेल."

शेवटची दोन वाक्यं खरी असतील तरच लिहा. अनामत चालू खर्चात वापरली असेल तर आधी ती बाजूला काढा. आमच्या समितीत यावर मोठा वाद झाला, काहींना वाटलं पत्र वाचून लोक पळतील. काही गेले. पण जे राहिले त्यांनी प्रश्न विचारणं थांबवलं आणि तयारी सुरू केली, आणि अफवा बंद झाल्या. त्या गृहस्थांनी पत्राला उत्तर म्हणून ट्रेलरवाल्याची पावती पाठवली, तारीख बदलता येईल अशी अट घातलेली.

तुम्ही बोट घेऊन येणारे असाल तर आयोजकांना त्या गृहस्थांचाच प्रश्न विचारा. जागा कुठली हे नंतर. निर्णय कोणत्या तारखेला, आणि अनामत कुठे आहे, एवढं आधी. दोन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळत नसेल, तर त्या वर्षी पैसे अडकवू नका.

एक वर्ष गाळायचं असेल तर

गाळा. महामारीत ड्युसेलडॉर्फचे २०२१ आणि २०२२चे दोन्ही शो झाले नाहीत आणि २०२३ला तो परत उभा राहिला. तिथे जागा शाबूत होती, हा फरक आहे. जागा नसताना गाळलेलं वर्ष जास्त जोखमीचं, कारण लोकांना परत कुठे यायचं तेच माहीत नसतं. म्हणून रद्द करण्याच्या त्याच पत्रात पुढच्या निर्णयाची तारीख द्या. आणि जमलं तर त्या हंगामात एका दिवसाचा लहान मेळावा घ्या, दहा-पंधरा बोटींचा, तराफा नाही, मांडव नाही, नुसत्या पाण्यात नांगरलेल्या बोटी आणि त्यांवर चढून बघायची मुभा.

जुनी जागा सोडताना

शेवटच्या शोचं सामान निघायला लागलं की सगळे थकलेले असतात आणि कुणालाही वही धरायची नसते. तरी धरा. वीज कुठून घेतली होती, कोणत्या खांबावर किती भार आला, कोणती बोट कोणत्या क्रमानं निघाली आणि कुठे अडकली, हे त्याच दिवशी लिहिलं तरच खरं राहतं. मी माणसं कुठे थांबतात त्याचीही खूण करून ठेवते. आमच्या जुन्या जागेत कोपऱ्यावर एक कट्टा होता. बोट घ्यायची की नाही, याची नवरा-बायकोतली बोलणी तिथेच व्हायची. नव्या आराखड्यात मी तसा कोपरा मुद्दाम काढला, दोन बाकं टाकून, पाण्याकडे तोंड करून.

आणि नव्या जागेतल्या पहिल्या वर्षी, पहिल्या सकाळी, दोन माणसं जुन्या फाटकाशी उभी करा. कितीही जाहिरात केली असली तरी लोक सवयीनं तिथेच येतात. मी स्वतः उभी होते. एक आजोबा नातवाला घेऊन आले, बंद फाटकाच्या गजातून आत रिकाम्या पाण्याकडे बघत राहिले. मी त्यांना नव्या जागेचा नकाशा दिला आणि म्हटलं, "आजोबा, बस इथूनच सुटते, पाच मिनिटांत येईल." बस आली तेव्हा नातू आधी चढला, आणि त्यानं खिडकीतून विचारलं, "तिकडे पण बोटीत चढू देतात ना?"

"देतात," मी म्हटलं, आणि पुढच्या गाडीकडे वळले.